घरातील विषारी पदार्थ आणि कुत्री-मांजरे: काय जपावे आणि खाल्लेच तर काय करावे

कुत्र्याने किंवा मांजराने घरातले काही विषारी खाल्ल्याचा संशय आला, की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो ‘थोडा वेळ बघू, काही त्रास होतो का’ असा. अनेक प्राणी या विचारामुळेच दगावतात. उंदराच्या औषधाची वडी खाल्लेल्या कुत्र्याला पहिले तीन दिवस काहीही होत नाही, कांद्याने रक्तपेशी फुटू लागल्याचे कळायला काही दिवस जातात, आणि लिलीच्या फुलाचा पराग चाटलेले मांजर एकदा ओकून पुन्हा बरे दिसू लागते, तेव्हा त्याची मूत्रपिंडे निकामी होण्याच्या वाटेवर असतात. पोटातला पदार्थ बाहेर काढण्याची संधी मात्र साधारण पहिल्या एक-दोन तासांपुरतीच असते. म्हणून खाल्ल्याचा पुरावा सापडला, म्हणजे कुरतडलेले पाकीट, सांडलेली बाटली, रिकामी झालेली गोळ्यांची स्ट्रिप दिसली, की त्याच क्षणी पशुवैद्यांना फोन करावा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये.

त्यासाठी आजच करून ठेवण्यासारखे एक काम आहे. आपल्या प्राण्याचे अलीकडचे वजन, नेहमीच्या पशुवैद्यांचा क्रमांक आणि रात्री उघडे असणाऱ्या जवळच्या पशुरुग्णालयाचा क्रमांक एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दारावर चिकटवावा. विषाची मात्रा नेहमी वजनाच्या प्रमाणात मोजली जाते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हाच असतो.

औषधांचा डबा

माझ्या मते घरातला सर्वांत मोठा धोका औषधांच्या डब्यात आहे, कारण तिथले विष पुष्कळदा मायेपोटीच दिले जाते. मांजर निपचित पडलेले असते, अंग गरम लागते, म्हणून घरातले कोणीतरी पॅरासिटामॉलची पाव गोळी चुरून दुधातून देते. माणसाचे यकृत या औषधाचा बराचसा निचरा ग्लुक्युरोनिक आम्लाशी त्याचा संयोग करून करते. मांजराच्या यकृतात ही सोय फारच तोकडी आहे. त्यामुळे औषधापासून घातक घटक तयार होतात आणि ते तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करतात, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या गुलाबी न राहता चॉकलेटी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. चार किलोंच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची पाव गोळी दिली, तर हे प्रमाण किलोमागे ३० च्या वर जाते. लहान मुलांच्या तापाच्या सिरपचा, ज्यात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असते, एक चमचा दिला तर ते ६० च्या वर जाते. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा अशी काही नाहीच. कुत्रा त्याहून अधिक मात्रा सहन करतो, पण त्याच्याही यकृताला इजा होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यालाही ते देऊ नये. ॲसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामकांनी कुत्र्या-मांजरांच्या जठरात व्रण पडतात, काळी डांबरासारखी शी होते आणि मात्रा वाढली की मूत्रपिंडे बंद पडतात. एकाच गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असणारी औषधे आपल्याकडे घरोघरी असतात, म्हणून डॉक्टरांना गोळीचे नुसते प्रचलित नाव सांगू नये. स्ट्रिपच्या मागे छापलेली घटकद्रव्ये आणि मिलिग्रॅम वाचून दाखवावेत. एकाचे औषध दुसऱ्याचा काळ कसा ठरतो, हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती जवळजवळ नाहीशी झाली. अखेर २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली.

गुडघ्याला वेदनाशामक मलम चोळले असेल, तर त्या जागेवर कापड गुंडाळावे आणि प्राण्याला ती चाटू देऊ नये. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी आजी-आजोबांच्या हातून पडून पलंगाखाली जाते, ती शोधल्याशिवाय पुढच्या कामाला लागू नये. पर्स जमिनीवर ठेवू नये.

स्वयंपाकघर

कांदा आणि लसूण यांच्याविषयी अधिक सांगणे भाग आहे, कारण आपल्या स्वयंपाकात ते बहुतेक सगळ्यांत असतात. दोन्हींतील गंधकयुक्त घटक कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशींना इजा करतात, पेशी फुटू लागतात आणि पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. उलट कांदा-लसूण मसाल्यासारख्या कोरड्या पदार्थात तो एकवटलेला असतो. कुत्र्यात किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसतात, म्हणजे दहा किलोंच्या कुत्र्याला दीड मध्यम कांदा पुरतो. मांजरात हे प्रमाण किलोमागे ५ ग्रॅम इतके खाली आहे. चार किलोंच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे एका फोडीएवढा कांदा त्रासदायक ठरतो. लसूण वजनाच्या मानाने कांद्याहून कितीतरी तीव्र असतो. एका दिवसात फार खाल्ले नाही, तरी मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली पोळी, लसणाची फोडणी दिलेले वरण आणि उरलेले पिठले असे रोज थोडेथोडे पोटात गेले, तर इजा साचत जाते. प्राण्यासाठी भात किंवा मांस वेगळे शिजवावे आणि फोडणी घालण्यापूर्वीच त्याचा वाटा काढून ठेवावा. थकवा, फिकट हिरड्या, लालसर तपकिरी लघवी ही लक्षणे दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील याचा नेम नसतो. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा थोड्याशाने आजारी पडतो. टार्टारिक आम्ल हे यामागचे कारण असावे, असे पशुविषशास्त्रातील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पक्वतेनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे हा अनियमितपणा उलगडतो. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना अशीच इजा झाल्याचे आढळले आहे. चिंचेचा गोळा, चिंचगुळाची चटणी, बेदाणे घातलेला शिरा आणि सुक्या मेव्याचे लाडू हे सगळे त्यामुळे कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवावे. नाशिकची द्राक्षे किंवा तासगावचे बेदाणे पेटीने घरात येतात तेव्हा पेटी जमिनीवर ठेवू नये. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि लघवी कमी होऊ लागली की परिस्थिती गंभीर असते.

चॉकलेटच्या बाबतीत थोडे गणित करता येते. त्यातले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, तहान आणि अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० वर हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या वर झटके येतात. गडद चॉकलेटमध्ये एका ग्रॅममागे सुमारे ५ मिलिग्रॅम थिओब्रोमिन धरले, तर ५० ग्रॅमच्या वडीत २५० मिलिग्रॅम होते. दहा किलोंच्या कुत्र्याने ती खाल्ली तर किलोमागे २५, म्हणजे त्रास होईल पण बहुधा निभावेल. तीच वडी चार किलोंच्या पॉमेरेनियनने खाल्ली तर किलोमागे ६२, म्हणजे जिवावरचे संकट. दुधाच्या चॉकलेटमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी असते, कोको पावडरमध्ये मात्र कितीतरी पटींनी जास्त असते. कॉफीची पूड आणि चहाची पत्ती यांतील कॅफिनही असेच वागते.

झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ साखरविरहित च्युइंगम, काही माऊथवॉश, काही पीनट बटर आणि मधुमेहींसाठीच्या काही खाद्यपदार्थांत असतो. तो पोटात गेला की कुत्र्याच्या शरीरात एकाएकी भरपूर इन्सुलिन स्रवते आणि रक्तातील साखर अर्ध्या ते एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही असे होते, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. पाकिटावरील घटकांत हे नाव शोधण्याची सवय लावून घ्यावी. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर ती विशेष लावावी, कारण तिथे हा पदार्थ अधिक वस्तूंत आढळतो.

तंबाखूची पुडी, मिसरीची डबी आणि गुटखा हेही स्वयंपाकघराच्या फडताळातच सापडतात. निकोटिन कुत्र्याला किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅमला घातक ठरू शकते आणि लाळ, उलट्या, थरथर ही लक्षणे तासाभरात दिसतात. चुना मळलेली तंबाखू अधिक वाईट, कारण चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन लवकर शोषले जाते. याच कारणासाठी अशा प्राण्याला आम्लपित्तावरचे औषध पाजू नये.

उंदीर, गोचीड आणि धान्यातील कीड यांवरची औषधे

उंदराची औषधे दिसायला सारखी वाटली तरी त्यांची कार्यपद्धती अगदी वेगळी असते, म्हणून रिकामे पाकीट टाकून न देता दवाखान्यात न्यावे. निळ्या-हिरव्या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडायलोन असते. ते शरीरातील के जीवनसत्त्वाचे चक्र अडवते, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार होत नाहीत. आधीच तयार असलेले रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत कुत्रा धावतो, खातो, खेळतो, आणि तीन ते पाच दिवसांनी एकाएकी खोकला, दम, नाकातून किंवा शौचावाटे रक्त सुरू होते. पहिल्या काही तासांत दवाखान्यात उलटी करवली आणि नंतर के-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुमारे तीन ते चार आठवडे दिल्या, तर हा प्राणी सहसा वाचतो. अशा वेळी दवाखान्यात जाऊन ‘कुत्रा तर ठीक दिसतोय’ असे ऐकावे लागले, तरी वडीचे पाकीट दाखवून उपचारांचा आग्रह धरावा.

करड्या-काळ्या पुडीतले झिंक फॉस्फाइड याच्या उलट वागते. जठरातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि काही तासांतच फुप्फुसे, हृदय व यकृत यांवर आघात होतो. अन्नामुळे जठरात आम्ल वाढते, म्हणून अशा प्राण्याला दूध, पोळी, काहीही देऊ नये. त्याच्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वायू माणसालाही अपायकारक असल्याने गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. धान्याच्या कोठीत ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही हाच वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात त्या असूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टोमॅटोवर किंवा पावावर लावून ठेवायची पेस्टही कुत्र्यासाठी आमिषच असते. घरात प्राणी असेल, तर उंदरासाठी पिंजरा लावावा.

गोचीड आणि पिसवांच्या औषधांत मांजराच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे परमेथ्रिन. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत ते भरपूर प्रमाणात असते. कुत्रा ते सहज पचवतो, पण त्याच थेंबांनी मांजराला थरथर, ताप आणि तासन्‌तास झटके येतात. घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना एकमेकांजवळ झोपू देऊ नये. पावसाळ्यात गोचीड वाढले की गोठ्यातले ॲमिट्राझ किंवा सायपरमेथ्रिन कुत्र्यावर ओतण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती औषधे गुरांच्या वजनासाठी व कातडीसाठी असतात. पाण्याचे प्रमाण चुकले की कुत्रा झिंगल्यासारखा पडून राहतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. झुरळांचा खडू आणि मच्छर अगरबत्ती यांत परमेथ्रिनच्याच कुळातली द्रव्ये असतात. खडूने रेघ ओढलेल्या फरशीवरून मांजर चालते आणि पंजे चाटते, हे ध्यानात घ्यावे. घरात मत्स्यपेटी असेल तर डासांचा फवारा मारताना ती झाकून हवेचा पंप बंद करावा, कारण मासे या द्रव्यांना फारच संवेदनशील असतात.

फरशी, कपाट आणि देवघर

फिनाईलने पुसलेल्या फरशीवर मांजराने तोंड लावलेच पाहिजे असे नाही. ओल्या फरशीवरून ते चालत जाते, कोपऱ्यात बसून एकेक पंजा बोटांच्या बेचक्यांपर्यंत चाटून स्वच्छ करते, आणि फरशीवरचे द्रव्य जिभेवाटे पोटात जाते. काळ्या फिनाईलमधील फिनॉलवर्गीय घटक मांजराच्या यकृताला नीट बाहेर टाकता येत नाहीत. फरशी फिनाईलऐवजी साबणाच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने पुन्हा पुसावी आणि ती वाळेपर्यंत प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. संडास धुण्याचे आम्ल आणि तुंबलेली नळी मोकळी करायचा कॉस्टिक सोडा यांनी तोंड व अन्ननलिका भाजते. ही द्रव्ये ठेवायचे कपाट खालचे असेल तर त्याला कडी लावावी.

कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलिन. लहान कुत्र्याला एक गोळीही पुरेशी असते. उलट्या होतात आणि कांद्याप्रमाणेच रक्तपेशी फुटतात. देवघरातला कापूर त्याहून वेगाने रक्तात जातो आणि झटके येतात, म्हणून कापराची डबी घट्ट झाकणाची असावी. सर्दीच्या बामातही कापूर असतो. मांजराच्या नाकाला किंवा छातीला बाम चोळू नये. निलगिरीचे आणि टी-ट्रीचे तेलही मांजराच्या अंगाला लावू नये.

गाडीच्या कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोडसर असते आणि मांजराला किलोमागे दीड मिलिलिटर एवढे थोडे पुरते. गाडीखाली गळलेले रंगीत पाणी लगेच धुऊन काढावे. या विषावरचा उतारा मांजरात पहिल्या तीन तासांतच खात्रीने लागू पडतो.

घरात बजरीगर किंवा लव्हबर्ड असतील, तर नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये. तो फार तापला की त्याच्या थरातून निघणाऱ्या वायूने पिंजऱ्यातले पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि माणसाला वासही जाणवत नाही.

कुंडी आणि पुष्पगुच्छ

वाढदिवसाच्या गुच्छातली खरी लिली, म्हणजे लिलियम जातीची, मांजराच्या घरात येऊच देऊ नये. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतले पाणी, यांपैकी काहीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते, आणि उपचार पहिल्या अठरा तासांत सुरू झाले नाहीत तर ते वाचण्याची आशा फार कमी होते. अंगणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी हृदयावर आघात करतात, पानफुटीतही हृदयाला बाधणारे घटक आहेत, सायकसच्या बियांनी कुत्र्याचे यकृत जाते, आणि एरंडीची चावलेली बी घातक असते. मनी प्लांट आणि डिफेनबाखिया यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. त्रास होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही.

खाल्लेच तर

प्राण्याला त्या जागेपासून दूर करावे, तोंडात उरलेले काढून घ्यावे, आणि काय, किती, केव्हा या तीन गोष्टी ठरवून फोन करावा. किती हे कळत नसेल तर जास्तीत जास्त शक्य आकडा सांगावा. स्ट्रिपमधली रिकामी घरे मोजावीत, पाकीट, पान किंवा उलटीचा नमुना पिशवीत घ्यावा. दोन प्राणी असतील तर दोघांनीही खाल्ले असे समजून दोघांनाही न्यावे.

घरी उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजण्याचा उपाय आजही सांगितला जातो. त्याने रक्तातील सोडियम वाढून मेंदूला सूज येते आणि मूळ विषापेक्षा हा उपायच जीव घेऊ शकतो. आम्ल, कॉस्टिक, रॉकेल किंवा टर्पेंटाईन पोटात गेले असेल, प्राणी गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर उलटी अधिकच धोकादायक ठरते. दूध आणि तूप हेही उतारे नाहीत. कापूर आणि नॅफ्थलिन स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्यामुळे तुपाने ते अधिक वेगाने शोषले जातात. गुंगीतल्या प्राण्याच्या तोंडात काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाऊ शकते.

अंगावर औषध किंवा रसायन पडले असेल, तर भांडी घासायच्या द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने धुवावे, मग टॉवेलात गुंडाळून ऊब द्यावी, म्हणजे चाटताही येणार नाही. डोळ्यात गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडावी. झटके येत असताना तोंडात हात घालू नये. आजूबाजूच्या कठीण वस्तू हलवाव्यात आणि खोलीत अंधार करावा.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले आहे. आपल्या शहरातले असे ठिकाण आणि त्याच्या वेळा आधीच विचारून ठेवाव्यात. खेडेगावात १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. हे पथक मुख्यतः गुरांसाठी असले, तरी फोन करून पाहावा आणि तोवर दुसऱ्या वाहनाची व्यवस्था सुरू ठेवावी.

घरी परतल्यावरही पाठपुरावा सोडू नये. द्राक्षे, चिंच किंवा लिली खाल्ली असेल, तर पुढचे तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवून मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करून घ्यावी. कांद्यानंतर आठवडाभर हिरड्यांचा रंग रोज पाहावा. उंदराच्या वडीच्या बाबतीत के-१ च्या गोळ्या एकही दिवस न चुकवता पूर्ण कराव्यात, त्या काळात कुत्र्याला उड्या मारू देऊ नयेत, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून मगच उपचार थांबवावेत.